नवरा नेव्हीत, वर्षाच्या मध्येच बदली, पगारातून दोन राज्यांचा टॅक्स कापलेला: रिटर्न नक्की कुठे भरायचं?

लेजूनकर

नमस्कार मंडळी. प्रश्न अमेरिकेतल्या स्टेट टॅक्सचा आहे आणि तोही लष्करी घरातला, त्यामुळे इथे किती जणांचा याच्याशी संबंध आला असेल कोण जाणे. तरी विचारते, कारण महिनाभर जो भेटेल तो वेगळंच सांगतोय.

माझा नवरा नेव्हीत कॉर्प्समन, म्हणजे वैद्यकीय सहायक, आहे. भरती झाला ओहायोतून. पुढे सॅन अँटोनिओला पोस्टिंग असताना त्याने लायसन्स टेक्सासचं काढलं, मतदार नोंदणी तिथे केली, गाडीही तिथेच रजिस्टर केली. तेव्हापासून तो टेक्सासचा. मी लग्नाआधी न्यू जर्सीत नोकरी करत होते. आमचं लग्न २०२३ मध्ये झालं आणि मी त्याच्याबरोबर राहायला पोर्ट्समथला, म्हणजे व्हर्जिनियात आले. तिथे एका डेंटल क्लिनिकमध्ये बिलिंगचं काम करायचे. गेल्या वर्षी जुलैअखेर त्याची बदली नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅम्प लेजून या लष्करी तळावर झाली. ऑगस्टपासून मी इथे जॅक्सनव्हिलमध्ये तसंच काम धरलंय.

आता समोर दोन डब्ल्यू-२, म्हणजे वर्षाचा पगार आणि कापलेला टॅक्स दाखवणारी मालकाची पत्रकं, आहेत. पहिल्यावर चौकट १५ मध्ये व्हर्जिनिया, १६ मध्ये २४,६०० डॉलर, १७ मध्ये कापलेला टॅक्स ९३४. दुसऱ्यावर नॉर्थ कॅरोलिना, १७,९०० आणि ५४८. म्हणजे जवळपास दीड हजार डॉलर दोन राज्यांकडे जमा आहेत.

व्हर्जिनियाच्या क्लिनिकमधल्या पेरोलच्या बाईंना मी रुजू होतानाच विचारलं होतं. त्या म्हणाल्या, तुम्ही राहता इथे, काम करता इथे, तर टॅक्स इथलाच. ते ऐकून मी गप्प बसले. आता इथल्या एका टॅक्सवाल्याकडे गेले, तर त्याने दोन्ही राज्यांत 'अर्ध्या वर्षाची रहिवासी' म्हणून रिटर्न भरायला सांगितलं आणि प्रत्येक राज्याची फी वेगळी लावली. बेसवरची मैत्रीण म्हणते, लष्करातल्या माणसाच्या बायकोला स्टेट टॅक्सच लागत नाही, सगळे पैसे परत मागव. सॉफ्टवेअर उघडलं तर पहिलाच प्रश्न: २०२५ मध्ये तुम्ही कोणत्या राज्यात राहत होतात? तिथे व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलिना टाकलं की ते आपोआप दोन रिटर्न तयार करतं आणि रिफंड जेमतेम दीडशे डॉलर दाखवतं.

मी टेक्सासमध्ये एक दिवसही राहिलेली नाही. मग मला टेक्सासची म्हणवून घेता येतं का? आणि न्यू जर्सीत माझ्या नावावर एक छोटा कॉन्डो आहे, लग्नानंतर तो भाड्याने दिलाय. त्याचं काय करायचं? फेडरल रिटर्न आम्ही एकत्रच भरतो.

कुणी यातून गेलं असेल तर कृपया नीट समजावून सांगा. रक्कम आमच्यासाठी लहान नाही. बदलीत नव्या घराचं डिपॉझिट आणि मध्ये रिकामा गेलेला माझा पगार, दोन्ही अजून भरून निघालेलं नाही.

---

निवृत्त_मेकॅनिक

मी एअर फोर्समधून निवृत्त. आमच्या वेळचा नियम सांगतो. २००९ साली मिलिटरी स्पाउसेस रेसिडेन्सी रिलीफ ॲक्ट आला. त्याआधी नवऱ्याचा लष्करी पगार सुरक्षित असायचा, पण बायकोचा पगार ज्या राज्यात बदली होईल त्या राज्याचा. २००९ नंतर बायकोलाही सवलत मिळाली, मात्र अट अशी की दोघांचं डोमिसाइल, म्हणजे कायदेशीर कायम रहिवासाचं राज्य, एकच हवं. नुसतं लग्न केलं म्हणून नवऱ्याचं राज्य आपलं होत नसे. तिथे राहिलेलं असावं लागे, लायसन्स, मतदान वगैरे पुरावे लागत. माझी बायको या अटीत बसत नव्हती, म्हणून आम्ही व्हर्जिनियाला टॅक्स भरत आलो. तुम्ही टेक्सासमध्ये कधी राहिलाच नाहीत, तेव्हा मला अवघड दिसतं.

---

टाइडवॉटर_ताई

लेजूनकर, आधी हे सांगते म्हणजे जीव भांड्यात पडेल: व्हर्जिनियाचे ९३४ पूर्णच्या पूर्ण परत मिळायला हवेत. नॉर्थ कॅरोलिनाचे ५४८ सुद्धा, पण तिथे मला तुला एक प्रश्न विचारायचाय, तो खाली येईल. न्यू जर्सीची गोष्ट वेगळी आहे.

माझे यजमान नेव्हीतून निवृत्त झाले. आमचा बराच काळ नॉरफोक आणि सॅन दिएगोत गेला. आता मी दर हंगामात बेसवरच्या व्हिटा केंद्रात, म्हणजे मोफत टॅक्स मदतीच्या केंद्रात, लोकांचे रिटर्न भरायला मदत करते. तुझ्यासारख्या मुली टेबलासमोर येऊन बसतात तेव्हा निम्म्या जणींनी वर्षानुवर्षं नको तिथे टॅक्स भरलेला असतो आणि त्यांना कुणी एका शब्दाने सांगितलेलं नसतं. याचा मला खरोखर त्रास होतो. म्हणून सविस्तर लिहितेय.

निवृत्त_मेकॅनिक काका, तुम्ही सांगितलेला नियम त्या काळापुरता बरोबर होता. पण त्यानंतर कायदा दोनदा बदलला. २०१८ च्या ३१ डिसेंबरला व्हेटरन्स बेनिफिट्स अँड ट्रान्झिशन ॲक्टवर सही झाली. त्यात एकाच डोमिसाइलची अट गेली. लग्न कधीही झालेलं असो, जोडीदाराला टॅक्सपुरतं सैनिकाचं राज्य निवडता येतं. तिथे राहिलेलं असायची गरज उरली नाही. मग जानेवारी २०२३ मध्ये आणखी एक कायदा आला, व्हेटरन्स ऑटो अँड एज्युकेशन इम्प्रूव्हमेंट ॲक्ट. नाव वाचून कुणाला वाटणार नाही की यात टॅक्सचं काही असेल, पण आहे. लग्नाच्या कोणत्याही टॅक्स वर्षासाठी आता तीन पर्याय आहेत: सैनिकाचं राज्य, जोडीदाराचं स्वतःचं राज्य, किंवा सैनिकाची जिथे कायम नेमणूक आहे ते ठिकाण.

तुझ्या बाबतीत म्हणजे टेक्सास, न्यू जर्सी किंवा जिथे नेमणूक असेल ते राज्य. टेक्सासला वैयक्तिक आयकरच नाही, तेव्हा विचार करण्यासारखं फार काही उरत नाही. टेक्सास निवड. लायसन्स बदलायला नको, एक दिवस जाऊन राहायला नको. आणि टेक्सासला रिटर्न भरायचं नसतं, तिथे तसला फॉर्मच नाही.

फक्त नवऱ्याचं टेक्सास खरं आहे ना, ते कागदावर बघून घे. त्याच्या एलईएसवर, म्हणजे महिन्याच्या पगारपत्रकावर, उजव्या बाजूला स्टेट टॅक्सेसची चौकट असते. तिच्यात एसटी या अक्षरांशेजारी राज्याचा दोन अक्षरी कोड असतो. तिथे टेक्सासचा कोड हवा. तो बदलतो डीडी २०५८ या फॉर्मने. नवऱ्याने सॅन अँटोनिओत असताना तो भरलेला असणार. खूप जण इथे घोटाळा करतात: भरती झाला ते ठिकाण म्हणजे 'होम ऑफ रेकॉर्ड', तुमच्याकडे ओहायो. त्याचा टॅक्सशी काही संबंध नाही, ते नोकरी सोडताना परतीचा प्रवासखर्च ठरवायला लागतं. टॅक्सला लागतं ते 'स्टेट ऑफ लीगल रेसिडेन्स'. लायसन्स, मतदार नोंदणी, गाडी हे सगळं त्याने टेक्सासचं केलंय आणि प्रत्यक्ष तिथे राहून केलंय, तेव्हा त्याची बाजू भक्कम आहे.

आता व्हर्जिनिया. 'अर्ध्या वर्षाची रहिवासी' वाला फॉर्म तुझा नाही. तुझा फॉर्म ७६३एस. ज्यांचा टॅक्स व्हर्जिनियाने चुकून कापला आणि ज्यांची तिथे दुसरी काही कमाई नाही, त्यांनी पैसे परत मागायचा हा छोटा फॉर्म. त्यात लष्करी जोडीदारासाठी वेगळी खूण करायची जागा आहे. तो फक्त तुझ्या नावाने भरायचा, नवऱ्याचं त्यात काही येत नाही. सोबत डब्ल्यू-२ आणि डिपेंडंट आयडीची, म्हणजे तुझ्या लष्करी कुटुंबीयाच्या ओळखपत्राची, प्रत जोड. एलईएस आणि बदलीच्या ऑर्डर्सची प्रत हाताशी ठेव, मागितली तर लगेच देता येईल. मुदत १ मे. व्हर्जिनियाची तारीख इतरांपेक्षा थोडी उशिराची आहे, पण म्हणून शेवटपर्यंत थांबू नकोस.

नॉर्थ कॅरोलिनाला असा वेगळा छोटा फॉर्म नाही. तिथे नेहमीचा डी-४०० आणि त्याला जोडून शेड्यूल पीएन, म्हणजे बाहेरच्या राज्यातल्या लोकांचा. त्यात तुझा पगार एकूण उत्पन्नात दिसेल, पण नॉर्थ कॅरोलिनाच्या रकान्यात शून्य. कापलेले ५४८ टॅक्स भरल्याच्या ओळीत. तारीख १५ एप्रिल.

सॉफ्टवेअरमध्ये गाडी पहिल्याच प्रश्नावर अडते, तू म्हणतेस तसंच. तो प्रश्न राहण्याबद्दल विचारतो, पण उत्तर मात्र टॅक्सच्या रहिवासाचं हवं असतं. तुम्हा दोघांचंही राज्य 'टेक्सास, पूर्ण वर्ष' असं टाक. मध्येच राज्य बदललं का, याला 'नाही'. मग पुढे 'दुसऱ्या राज्यात कमाई झाली का' असं विचारतात तिथे 'हो' म्हणून एकेक राज्य बाहेरचा रहिवासी म्हणून जोड. डब्ल्यू-२ वरचे आकडे मात्र जसेच्या तसे टाकायचे. चौकट १६ मध्ये स्वतःहून शून्य लिहू नकोस. क्लिनिकने राज्याला तोच आकडा कळवलाय. तुझा आणि त्यांचा आकडा जुळला नाही की रिफंड अडकतो. शून्य करायची जागा पुढे राज्याच्या फॉर्ममध्ये येते, जिथे त्या राज्याचं उत्पन्न किती हे वेगळं विचारतात.

आता माझा प्रश्न. नवरा ड्युटीबाहेर काही काम करतो का? कॉर्प्समन बऱ्याचदा शनिवार-रविवारी बाहेर शिफ्ट घेतात. करत असेल तर सांग, मग नॉर्थ कॅरोलिनाचं रिटर्न थोडं बदलतं.

---

लेकवुडचा_नवरा

+१ टाइडवॉटर_ताई. मी उलट बाजूचा: बायको आर्मीत, मी घरून सॉफ्टवेअरचं काम करतो. आमची नेमणूक वॉशिंग्टन राज्यात, लुईस-मॅकॉर्डला. तिचं राज्य जॉर्जिया, माझं न्यू जर्सी, दोन्हीकडे आयकर आहे. आम्हाला उपयोगी पडला तो ताईंनी सांगितलेला तिसरा पर्याय. नेमणुकीचं ठिकाण वॉशिंग्टन, तिथे पगारावर राज्याचा आयकर नाही, तेच निवडलं.

एकच गोष्ट जोडतो. जोडीदाराला मिळणारं संरक्षण हे केलेल्या कामाच्या मोबदल्याला आहे. पगार त्यात सरळ येतो. पण जोडीदाराचं दुकान असेल, माल आणून विकत असेल, हाताखाली माणसं ठेवली असतील, तर तो सगळा नफा 'कामाचा मोबदला' म्हणून चालेलच असं नाही. आमच्या ओळखीच्या एकांचा असा धंदा होता, त्यांनी जाणकाराला विचारूनच पाऊल टाकलं. तुमचा बिलिंगचा पगार आहे, तुम्हाला ती काळजी नाही.

---

लेजूनकर

ताई, तुमचा प्रतिसाद मी नवऱ्याला वाचून दाखवला. एलईएस उघडून बघितलं, चौकटीत टेक्सासच आहे. डीडी २०५८ ची प्रतही त्याच्या फाइलमध्ये सापडली.

आणि हो, तो काम करतो. ऑक्टोबरपासून इथल्या एका अर्जंट केअरमध्ये दर शनिवारी शिफ्ट घेतो, कमांडची परवानगी घेऊन. त्याचा वेगळा डब्ल्यू-२ आलाय, ४,२०० डॉलर. टॅक्स अगदी थोडा कापलाय. आम्ही दोघं धरून चाललो होतो की तो सैनिक आहे, त्यामुळे त्याचं तर सगळंच सुटलं, प्रश्न असलाच तर माझा आहे. त्याचं काही वेगळं आहे का?

बाकी भाड्याचं सांगाल का? कॉन्डोचं भाडं महिना १,९००, त्यातून कर्जाचं व्याज, सोसायटीचा मेंटेनन्स आणि प्रॉपर्टी टॅक्स गेला की हातात फारसं राहत नाही.

---

टाइडवॉटर_ताई

बरं झालं विचारलंस. लोकांना वाटतं त्याच्या बरोब्बर उलटं आहे ते. सैनिकाचं संरक्षण सर्व्हिसमेंबर्स सिव्हिल रिलीफ ॲक्टमधून येतं आणि ते फक्त लष्करी पगाराला आहे. त्याने बाहेर केलेली नोकरी ही सामान्य नोकरी. ज्या राज्यात केली, ते राज्य तिच्यावर टॅक्स लावू शकतं. जोडीदाराचा नागरी पगार मात्र सुटतो. म्हणजे तुझे १७,९०० नॉर्थ कॅरोलिनाच्या हिशेबात येत नाहीत, त्याचे ४,२०० येतात.

घाबरायचं कारण नाही. फेडरल एकत्र भरताय, तर डी-४०० ही दोघांचा एकत्र भरा. शेड्यूल पीएनवर नॉर्थ कॅरोलिनाच्या रकान्यात त्याचा अर्जंट केअरचा पगार येईल आणि तुझा शून्य. २०२५ चा दर सरसकट ४.२५ टक्के आहे. वजावटीचा वाटा मिळाल्यावर त्या ४,२०० वर जो टॅक्स येईल, तो कितीही धरला तरी १७९ डॉलरच्या वर जात नाही. त्याचा कापलेला आणि तुझा कापलेला मिळून त्याहून बराच जास्त जमा आहे. उरलेलं परत येईल. म्हणून पहिल्या प्रतिसादात ५४८ बद्दल मी हात राखून लिहिलं होतं.

आणखी एक गोष्ट त्याच कायद्यात आहे. तुमच्या दुसऱ्या कमाईवरचा टॅक्स वाढवण्यासाठी सैनिकाच्या स्वतःच्या राज्याखेरीज दुसऱ्या राज्याला त्याचा लष्करी पगार हिशेबात धरता येत नाही. काही सॉफ्टवेअर तो पगार आपोआप एकूण उत्पन्नात ओढून घेतात. रिटर्न पाठवण्याआधी तो वजा झालाय का, हे त्या ओळीवर बोट ठेवून तपास. न्यू जर्सीच्या रिटर्नमध्येही हेच बघायचं.

आता कॉन्डो. घराचं भाडं घर जिथे आहे तिथलं उत्पन्न, तू कुठेही राहत असलीस आणि कोणाचीही बायको असलीस तरी. जोडीदाराचा कायदा इथे लागत नाही. तुम्हा दोघांचं सगळीकडचं मिळून उत्पन्न २०,००० च्या वर आहे, तेव्हा न्यू जर्सीला एनजे-१०४०एनआर भरावं लागेल. भाड्यातून व्याज, मेंटेनन्स, प्रॉपर्टी टॅक्स, दुरुस्ती, घसारा वजा करून जे राहील ते उत्पन्न. न्यू जर्सीची एक अडचण लक्षात ठेव: एखाद्या वर्षी भाड्यात तोटा आला तर तो तिथे पगारातून वजा करता येत नाही. प्रत्येक प्रकारचं उत्पन्न वेगळ्या कप्प्यात मोजतात. फेडरलवर दिसलेला तोटा तिकडे दिसला नाही म्हणून गोंधळू नकोस.

न्यू जर्सीला भरलेला टॅक्स दुसऱ्या राज्यात वळता करून घ्यायचा प्रश्न येत नाही, कारण टेक्सासला काही द्यायचंच नाहीये.

भरण्यासाठी पैसे देऊ नकोस. मिलिटरी वनसोर्सचं मिलटॅक्स हे लष्करी कुटुंबांसाठीचं टॅक्स सॉफ्टवेअर मोफत आहे, फेडरल आणि तीनपर्यंत राज्यं त्यात होतात. त्यांच्याकडे फोनवर लष्करी टॅक्स समजणारी माणसंही असतात. तुझी बरोबर तीनच राज्यं आहेत.

---

निवृत्त_मेकॅनिक

ताई, हे वाचून मी मुलाला फोन केला. तो व्हर्जिनियात लँग्लीला एअर फोर्समध्ये आहे, राज्य फ्लोरिडा. सूनबाई शाळेत शिकवतात, त्यांच्या पगारातून २०२२ पासून व्हर्जिनियाचा टॅक्स जातोय आणि त्या व्हर्जिनियाच्या रहिवासी म्हणून रिटर्न भरत आल्यात. मूळच्या त्या मेरीलँडच्या. लग्न २०२१ चं. मुलाची बदली लँग्लीला झाली म्हणूनच त्या तिथे आल्या. मागचं काही परत मिळू शकतं का? की गेलं ते गेलं?

---

टाइडवॉटर_ताई

काका, मिळू शकतं, पण आजच कामाला लागायला सांगा. व्हर्जिनियात परताव्याचा दावा साधारणपणे रिटर्नच्या मूळ मुदतीपासून तीन वर्षांत करावा लागतो. २०२२ च्या रिटर्नची मुदत होती १ मे २०२३. म्हणजे त्या वर्षाचं दार या १ मे ला, २०२६ मध्ये बंद होतं. २०२३ आणि २०२४ ला अजून वेळ आहे. २०१८ चा कायदा तोपर्यंत लागू झालेला होता, तेव्हा त्यांना फ्लोरिडा निवडता आलं असतं.

त्यांनी रहिवासी म्हणून रिटर्न आधीच भरलंय, म्हणून नुसता ७६३एस पाठवून भागणार नाही. आधीचं रिटर्न दुरुस्त करावं लागेल. प्रत्येक वर्षाचं वेगळं पाकीट करा: त्या वर्षाचा डब्ल्यू-२, मुलाचं त्याच वर्षातलं एलईएस, ज्यावर फ्लोरिडाचा कोड दिसतो, लँग्लीच्या ऑर्डर्स, लग्नाचा दाखला आणि आयडीची प्रत. जुनी एलईएस आता बघून घ्या. मायपे या लष्करी पगाराच्या वेबसाइटवर फार मागची मिळत नाहीत, मुलाने उतरवून ठेवली असतील तर उत्तम, नसतील तर फायनान्स ऑफिसकडे मागावी लागतील. एक तपासा: फेडरल रिटर्नवर त्यांनी स्टेट टॅक्सची वजावट घेतली होती का? घेतली असेल तर परत आलेल्या पैशाचा थोडा भाग पुढच्या फेडरल रिटर्नमध्ये उत्पन्न म्हणून दाखवावा लागू शकतो. स्टँडर्ड डिडक्शन घेतलं असेल तर तो प्रश्न नाही.

व्हिटा केंद्रात जुन्या वर्षांचं काम सगळीकडे करत नाहीत. आधी फोन करून मगच पाठवा.

---

लेकवुडचा_नवरा

काका, सूनबाईंना शाळेच्या पेरोलला आत्ताच व्हीए-४, म्हणजे पगारातून व्हर्जिनियाचा टॅक्स किती कापायचा ते सांगणारा फॉर्म, द्यायला सांगा, नाहीतर २०२६ चा टॅक्सही कापला जाईल आणि पुढच्या वर्षी परत हेच. आम्ही याआधी व्हर्जिनियातच होतो, तेव्हा मी जानेवारीतच देऊन टाकायचो.

---

लेजूनकर

तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू. काल रात्री बसून मिलटॅक्समध्ये सगळं भरलं. टेक्सास पूर्ण वर्ष टाकल्यावर चित्रच पालटलं. नॉर्थ कॅरोलिनाच्या रिटर्नमध्ये त्याचा लष्करी पगार खरंच एकूण उत्पन्नात आला होता. ताईंनी सांगितलं म्हणून ती ओळ शोधली आणि वजा केला. न्यू जर्सीला थोडेच डॉलर द्यायचे निघाले. व्हर्जिनियाचा ७६३एस कागदावर भरून पाकीट तयार केलंय, उद्या रजिस्टर्ड पोस्टाने जाईल.

एक शेवटचं. इथल्या पेरोलला काय देऊ? तिथली बाई चांगली आहे, पण आधीच म्हणाली की राज्याचा टॅक्स कापणं आम्हाला बंधनकारक आहे, कायद्याचं काही असेल तर वकिलाचं पत्र आणा.

---

टाइडवॉटर_ताई

वकिलाचं पत्र नको. तिला कायदाही समजावत बसू नकोस, तिला हवा असतो तो फाइलमध्ये लावायला राज्याचा फॉर्म. नॉर्थ कॅरोलिनाचा एनसी-४ ईझेड घे. त्यात लष्करी जोडीदाराच्या सवलतीची ओळ आहे, सैनिकाचं राज्य लिहायची जागाही आहे. राज्यानेच काढलेला फॉर्म आहे म्हटल्यावर पेरोलला कापणं थांबवायला आधार मिळतो. सोबत तुझ्या आयडीची आणि नवऱ्याच्या ताज्या एलईएसची प्रत लाव. एलईएसवर त्याचा बाकी तपशील असतो, तेव्हा सोशल सिक्युरिटी नंबर आणि बँकेची माहिती झाकून प्रत काढ. राज्याचा कोड आणि नाव तेवढं दिसू दे.

हा फॉर्म एकदा दिला की कायमचा असं धरू नकोस. सवलतीचे फॉर्म वर्षाच्या सुरुवातीला नव्याने द्यावे लागतात, दर जानेवारीत पेरोलला विचार. नवऱ्याची बदली झाली, त्याने नोकरी सोडली किंवा राज्य बदललं, तर लगेच कळवायचं. सवलत ज्या परिस्थितीवर उभी आहे ती बदलली की फॉर्मही बदलायला हवा.

आणि नवऱ्याच्या शनिवारच्या शिफ्टसाठी त्याने हा फॉर्म चुकूनही देऊ नये. त्याच्या त्या पगारातून नॉर्थ कॅरोलिनाचा टॅक्स नीट कापला गेला पाहिजे. गेल्या वर्षी तुझी जमा होती म्हणून तो झाकला गेला. यंदा तुझ्याकडून काहीच कापलं जाणार नाही आणि त्याची शिफ्ट वर्षभर चालली, तर एप्रिलमध्ये बाकी निघेल. त्याला अर्जंट केअरमध्ये नवा एनसी-४ भरून दर पगारातून थोडी जादा रक्कम कापायला सांग.

---

लेजूनकर

एनसी-४ ईझेड छापला, त्याचाही एनसी-४ छापला. सोमवारी दोन्ही देतो. रिफंड आले की इथेच लिहीन, किती दिवसांनी आले तेही.